भरलेल्या विहिरीचं माप

मी एक जुनी फीत आहे, मित्रांनो. वेणीला बांधायची नव्हे आणि शिंप्याच्या गळ्यातलीही नव्हे. मी विहिरीत उतरणारी फीत आहे. पाणी किती खोल आहे ते मी सांगते. ते किती दिवस पुरेल, उद्या असेल की नसेल, हे मला सांगता येत नाही. हा फरक लहानसा वाटतो, पण त्यात एक अख्खी गल्ली बुडाली. ती गोष्ट तुम्हाला सांगावी म्हणून आज बोलते आहे.

माझं अंग पिवळं, चपटं आणि लांबलचक. त्यावर काळे आकडे. पोटात दोन बारीक तारा, टोकाला पितळेचं बोट. मला लोखंडी चाकावर गुंडाळून ठेवतात आणि चाकाच्या मधोमध सेल घालायची डबी असते. विहिरीत मला सोडत सोडत न्यायचं. अंधारात बोट पाण्याला टेकलं की मी टीं करून ओरडते आणि वरचा माणूस कठड्याशी आलेला आकडा वाचतो. बस, एवढंच. देवाने मला आवाज दिला तोही एकाच अक्षराचा.

जिथे माझा जन्म झाला तिथे एका लांब टेबलाशी बायका भिंगातून आमचे आकडे तपासत. एखादी रेघ जरा सरकली असेल तर ती फीत तिथल्या तिथे कात्रीने कापून टोपलीत टाकत. माझ्या शेजारची अशीच गेली. मला मात्र तपासनीस बाईंनी प्लॅस्टिकच्या बादलीत बुडवलं आणि मी अशी काही किंचाळले की पलीकडची बाई दचकली आणि तिच्या हातून स्क्रूचा डबा सांडला. 'हिचा घसा चांगला आहे,' तपासनीस बाई म्हणाल्या, 'पाठवा बाहेर.' आयुष्यातलं माझं पहिलं पाणी ते. बादलीतलं, पण पहिलं.

मी ज्यांच्या हाती आले त्यांना सगळे पाणीवाल्या मॅडम म्हणत. मोठी इमारत, रस्ता, कारखाना असं काही बांधायचं ठरलं की त्याआधी कोणीतरी जागेवर जाऊन बघावं लागतं. माती कशी आहे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, उद्या इथे खोदलं तर शेजारपाजारचं काय होईल. हे बघून लिहून द्यायचं काम मॅडमचं. जीपच्या मागच्या बाजूला आमचा संसार असे. माती काढायचं गिरमीट, मातीचे डबे, पाण्याच्या बाटल्या, एक छोटा पंप आणि मी. गिरमीट स्वभावाने तिखट होतं. 'मी घाम गाळतो आणि तू नुसती ओरडतेस,' असं त्याचं म्हणणं. गिरमिटाच्या तोंडी कोण लागणार?

मॅडमची काम करायची रीत मला फार आवडे. मी एकदा ओरडले म्हणून त्या कधी विश्वास ठेवत नसत. मला चिमटीत धरून जरा वर घेत, पुन्हा सोडत, पुन्हा ऐकत. मग पंप लावून विहीर उपसायला सांगत. पाणी खाली गेलं की पंप बंद करून कठड्यावर बसत आणि ते परत कसं चढतं ते मला सोडून सोडून बघत राहत. ऊन असो, वारा असो, त्या हलायच्या नाहीत.

'भरलेली विहीर कोणीही दाखवेल,' त्या ड्रायव्हरला म्हणत. 'उपसल्यावर ती किती लवकर भरते, ते बघायचं असतं. माणसाचंही तसंच.'

'मला उपाशीपोटी नका बघू मॅडम,' ड्रायव्हर म्हणे, 'मी शिव्याच देईन.'

काम झालं की मॅडम मला ओल्या फडक्याने पुसत, मग कोरड्या फडक्याने, आणि मगच गुंडाळत. 'गुणाची गं माझी,' असं एकदा म्हणाल्याही होत्या. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असतं? फितीलासुद्धा हवं असतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग तो उतारावरचा प्रकल्प आला.

शहराच्या कडेला एका उतारावर मोठी इमारत व्हायची होती. वर कितीतरी मजले आणि जमिनीखाली गाड्या ठेवायला तळघरं. उताराच्या पायथ्याशी एक गल्ली होती. बैठी घरं, पत्र्याची छपरं, दारात डब्यांमध्ये लावलेली रोपं. गल्लीला नळ नव्हता. सगळ्यांची मिळून एकच विहीर होती, दगडी कठड्याची, तिच्यावर लोखंडी जाळीचं झाकण. त्या झाकणाची किल्ली शिवणकाकूंकडे असे. या काकू शाळेच्या गणवेशापासून पडद्यांपर्यंत सगळं शिवत आणि गल्लीचं भांडणही त्याच उसवत नि त्याच शिवत. कोणी आधी पाणी भरायचं, कोणी मागून, कोणाकडे आजारी माणूस आहे म्हणून त्याला एक घागर जास्त, हे सगळं त्या ठरवत. विहीर तशी बेताचीच होती. जपून भरलं तर सगळ्यांना पुरे. एखाद्याने हात सैल सोडला तर संध्याकाळी बादली तळाला खडखडे.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगते.

त्या उतारावर पूर्वी आणखी एक वस्ती होती. तिथेही अशीच माणसं पाहणीला आली, विहीर कोरडी बघितली आणि 'इथे पाणी नाही, माणसांना राहण्याजोगी जागा नाही' असं लिहून गेली. त्यानंतर ती वस्ती उचलून लांब कुठेतरी नेऊन टाकली. ही गोष्ट गल्लीच्या मनात काट्यासारखी रुतून बसली होती. म्हणून मॅडम येणार असं कळताच शिवणकाकूंनी सगळ्यांना दारात गोळा केलं.

'आपली विहीर भरलेली दिसली पाहिजे,' त्या म्हणाल्या. 'त्या बाई येऊन जाईपर्यंत कोणी एक थेंब काढायचा नाही.'

'अगं, पण त्या बांधकामाचं बघायला येतायत, आपलं नाही,' काकूंचे यजमान म्हणाले.

'बघायला येणारे सगळंच बघतात. विचारलं तर सांगायचं, दिवसभर उपसतो तरी एवढंच राहतं. आणि तुम्ही बोलूच नका, तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं.'

झाकणाला कुलूप लागलं. सगळी गल्ली हंडे, कॅन आणि सायकली घेऊन मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळावर जाऊ लागली. तिथल्या लोकांची बोलणी खाल्ली. अंघोळीऐवजी अंग पुसून भागवलं. काकूंच्या सासूबाई रोज कुरकुरत होत्या आणि काकू रोज त्यांना गप्प करत होत्या. इकडे कोणी उपसत नाही म्हटल्यावर विहिरीत पाणी हळूहळू चढत गेलं. गल्लीने आपल्या विहिरीत इतकं पाणी कधी पाहिलंच नव्हतं. लोक येऊन जाळीतून डोकावून जात आणि खूश होत. आपण काय करून बसलोय याची त्यांना कल्पना नव्हती. पोटासाठी केलं होतं बिचाऱ्यांनी.

मॅडम आल्या त्या दिवशी गल्ली झाडून लख्ख केलेली होती. मॅडमसाठी खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली. त्यांच्याबरोबर इमारत बांधणाऱ्यांचे एक साहेब होते. ते सारखे घड्याळाकडे बघत होते, कारण परवानगी देणाऱ्या समितीची बैठक तोंडावर आली होती.

आधी गिरमिटाने माती काढली. काळीभोर, चिकण. मॅडमनी ती बोटांत चोळली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

'ही माती पाणी प्याली की फुगते आणि तहानली की आकसते,' त्या साहेबांना म्हणाल्या. 'हिच्यातलं पाणी गेलं तर वरची घरं जागेवर राहणार नाहीत.'

'पण पाणी आहे ना?' साहेब म्हणाले. 'विहीर बघा की.'

मग काकूंनी झाकण उघडलं आणि मी उतरले. जेमतेम दीड पुरुष, म्हणजे दीड माणसाच्या उंचीइतकी, खाली गेले असेन, तेवढ्यात बोट ओलं झालं आणि मी ओरडले. मॅडमनी वर घेऊन पुन्हा सोडलं, मी पुन्हा तिथेच ओरडले. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ओरडण्याला आजवर कोणी टाळी दिली नव्हती.

'रोज किती उपसता?' मॅडमनी विचारलं.

'दिवसभर चालूच असतं हो,' शिवणकाकू म्हणाल्या. 'तरी एवढंच राहतं. देणारी विहीर आहे आमची.'

'हो ना, आजी?' मॅडमनी दारात बसलेल्या सासूबाईंना विचारलं. 'पाणी पुरतं ना?'

'पुरेल नाहीतर काय?' म्हातारी म्हणाली. 'चार दिवस अंगावर पाणी नाही माझ्या...'

'सासूबाई, ऊन लागेल, आत चला,' म्हणत काकूंनी त्यांना जवळजवळ उचलूनच आत नेलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या.

मित्रांनो, मला तेव्हा हसू आलं नाही. कठड्यावर माझ्या शेजारीच बादलीचा दोर पडला होता. दिवसभर पाणी काढणारा दोर कसा असतो ते मला ठाऊक आहे. थंड, जड, शेवाळाच्या वासाचा. हा दोर कोरडा ठणठणीत होता. मॅडमचा हात त्यावर पडला आणि थबकलाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, 'पंप काढ.'

पंप शब्द ऐकताच काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्या पुढे आल्या आणि कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

'मॅडम, पाया पडते तुमच्या, पंप नका लावू. लहान मुलं आहेत घरोघरी. तुम्ही सगळं उपसून गेलात तर उद्या आम्ही काय प्यायचं?'

डोळ्यांत आलेलं पाणी खरं होतं. त्यात ढोंग नव्हतं. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

'जाऊ द्या ना मॅडम,' ते म्हणाले. 'गरिबाच्या तोंडचं पाणी कशाला काढता? डोळ्यांना दिसतंय ते लिहा.'

मॅडम दयाळू होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी पंप लावल्याशिवाय विहीर सोडली नव्हती, पण त्या दिवशी सोडली. पंप जीपमध्ये परत गेला. त्यांनी लिहून दिलं की विहीर रोजच्या उपशानंतरही भरलेली राहते, जमिनीखाली भरपूर पाणी आहे, तळघर खोदताना थोडं पाणी काढलं तरी गल्लीला धोका नाही. निघताना काकूंनी जीपमागे हात हलवला. आम्ही वळणावर पोचेपर्यंत गल्ली हंडे घेऊन विहिरीशी जमली होती आणि दोर सरसरत खाली चालला होता.

परवानगी मिळाली. उतारावर खड्डा खोदायला सुरुवात झाली. खड्डा खोल गेला तसं त्यात पाणी लागलं आणि ते काढून टाकायला मोठाले पंप बसले. आमचा पंप त्यांच्यापुढे खेळणं. ते अहोरात्र चालत आणि उपसलेलं पाणी गटारात जाई. वरून पाणी ओढलं की खाली काय होणार? गल्लीतल्या विहिरीचं पाणी मागे हटू लागलं. बादली आधी अर्धी यायला लागली, मग गाळाची, मग नुसती वाजत वर यायला लागली.

त्यामागून माती तहानली. मॅडमनी सांगितलं होतं तसंच झालं. घरांच्या भिंतींना आधी केसाएवढ्या चिरा पडल्या, मग त्यांत बोट जायला लागलं. शिवणकाकूंच्या खोलीत जमीन एका अंगाला बसली. टेबलावर दोऱ्याचं रीळ ठेवलं की ते आपोआप घरंगळत कोपऱ्यात जाई. शिलाई मशीनच्या पायाखाली त्यांनी लाकडाचा तुकडा लावला, मग दोन लावले. सासूबाईंची खाट भिंतीपासून लांब ओढली, कारण भिंतीचा भरवसा राहिला नव्हता.

काकूंनी मॅडमना फोन केला. मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. या वेळी खुर्ची नव्हती. मला विहिरीत सोडलं. मी दीड पुरुष गेले, आणखी एक गेले, आणखी एक. अंधार वाढत गेला, पण पाणी आलं नाही. शेवटी माझं बोट मऊ गाळात रुतलं आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मॅडमनी वर घेऊन पुन्हा सोडलं. पुन्हा तेच.

'काकू,' मॅडम हळूच म्हणाल्या, 'विहीर पहिल्यापासून अशीच होती का? खरं सांगा आता.'

काकू जमिनीकडे बघत बोलल्या.

'बेताची होती. तुम्ही येणार म्हणून आम्ही काढायचं बंद केलं होतं. आम्हाला वाटलं, कोरडी दिसली तर आम्हाला उठवतील.'

'अहो, बेताची आहे हे मला कळलं असतं तर मी तो खड्डाच खोदू दिला नसता! विहीर जितकी नाजूक, तितका मी तुमच्या बाजूने जोर लावला असता.'

'हे आम्हाला कोणी सांगितलं?' काकू म्हणाल्या. 'तुम्ही आलात, बघितलंत, मोजलंत. कशासाठी मोजताय ते आम्हाला कोणी सांगितलं का?'

मॅडम म्हणाल्या, 'दोर कोरडा होता. माझा हात लागला होता त्याला. तरी मी गेले.'

दोघी कठड्याला टेकून उभ्या होत्या. कोणी कोणाला बोल लावायचा? मला दोघींचंही वाईट वाटलं, आणि रागही दोघींचाच आला.

मॅडम हातपाय गाळून बसल्या नाहीत. पंप थांबवा, गल्ली वाचवा, असा नवा अहवाल घेऊन त्या समितीपुढे गेल्या. मलाही पुरावा म्हणून नेलं होतं. माझ्या अंगावरचा गाळ त्यांनी मुद्दाम पुसला नव्हता. पण साहेब शांतपणे उठले आणि त्यांनी मॅडमचाच पहिला अहवाल वाचून दाखवला. रोजच्या उपशानंतरही भरलेली विहीर. गल्लीला धोका नाही. खाली मॅडमची सही.

'मग खरं कोणतं, मॅडम?' समितीतले एक गृहस्थ म्हणाले. 'तेव्हाचं की आताचं?'

'तेव्हा माझी चूक झाली,' मॅडम म्हणाल्या. 'आता ऐका.'

'चूक एकदा होते तशी दोनदाही होऊ शकते,' गृहस्थ म्हणाले आणि कागद बाजूला सरकवला.

पंप थांबले नाहीत. थोड्याच दिवसांत गल्लीसाठी कागद आला. इथे पाणी नाही, घरांना तडे गेलेले आहेत, जागा माणसांना राहण्याजोगी नाही. ज्या शब्दांना गल्ली घाबरत होती ते शब्द जसेच्या तसे आले. सामान टेम्पोत चढलं. शिवणकाकूंनी विहिरीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली कोणाला द्यावी हे न सुचून ती मॅडमच्या हातात ठेवली. सासूबाईंना खुर्चीत बसवून टेम्पोवर चढवावं लागलं. घरं पाडायला यंत्र आलं, तेव्हा पाडण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

मीही त्यानंतर कपाटात गेले. विहिरीतच टांगून ठेवायची नवी यंत्रं निघाली होती. ती आपली आपणच पाण्याची खोली मोजतात आणि फोनवर कळवतात. माझ्या अंगावर तो गाळ तसाच सुकला आणि सुकता सुकता काही आकडे घेऊन गेला. गिरमीट शेजारी गंजत पडलं होतं. त्यानेही आता टोमणे मारायचं सोडलं होतं.

बऱ्याच काळाने मॅडमनी कपाट उघडलं. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते. त्यांनी मला पुसलं, नवे सेल घातले आणि एकट्याच त्या उतारावर घेऊन गेल्या. इमारत पूर्ण उभी होती. तळघरांच्या भिंती बांधून झाल्या होत्या, म्हणून मोठे पंप केव्हाच बंद झाले होते. गल्लीच्या जागी हिरवळ होती, मधून फरशीची वाट. विहीर मात्र होती. कठड्याला रंग दिलेला, वर नवं झाकण. झाकणातल्या भोकातून मॅडमनी मला खाली सोडलं.

मित्रांनो, मी जेमतेम दीड पुरुष गेले आणि ओरडले.

मॅडमनी मला वर घेतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा ऐकलं. असं किती वेळा केलं कोण जाणे. उपसणं थांबल्यावर पाणी आपल्या जागी परत आलं होतं. पाण्याला परत यायला परवानगी लागत नाही. विहिरीतून एक पाईप निघाला होता आणि त्यावर हिरवळीची कारंजी फिरत होती.

तिथून त्या मला घेऊन तशाच शिवणकाकूंकडे गेल्या. काकू आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका उंच चाळवजा इमारतीत राहतात. एका खोलीत मशीन, स्वयंपाक आणि खाट. खाट रिकामी होती. सासूबाईंना या जागी आल्यावर वर्षसुद्धा काढता आलं नव्हतं. काकूंनी मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं.

'जाऊन आलात तिकडे?'

'हो.'

'आहे का काही तिच्यात?'

मॅडम नाही म्हणाल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. पाणी तसंही नव्हतंच, आपण उठलो ते उठायचंच होतं, अशी मनाची समजूत घालता आली असती.

'आहे,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही दाखवलंत ना मला, तेवढंच.'

काकूंनी डोळे मिटले. मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर मॅडमना हाकलून देतील. त्यांनी मशीनवरचं कापड उगीचच सरळ केलं.

'जगली म्हणायची,' त्या म्हणाल्या. 'कोण भरतं आता?'

'बागेला घालतात.'

'सगळं?'

'सगळं.'

काकूंनी मान हलवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. शिवण वाकडी गेली, तरी त्या चालवतच राहिल्या. मॅडम मला मांडीवर घेऊन बसून होत्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या इमारती बांधाल, कोणी मोजमाप करायला जाल, कोणाच्या दारात मोजणारी माणसं येतील. मोजायला जाल तेव्हा कशासाठी मोजता आहात ते आधी दारातल्या माणसाला सांगा. आणि तुमच्या दारात कोणी आलं तर भीतीपोटी घागर भरून दाखवू नका. रिकामी असेल तर रिकामीच दाखवा. माझ्यासारखी फीत हाताशी असेल तर तिला पुसून गुंडाळा, उन्हात टाकू नका, तिचे आकडे जपा. पण तिच्या एका ओरडण्यावर माणसांच्या घरांचा निवाडा करू नका. पाणी कुठवर आहे एवढंच मला कळतं. ते कोणाच्या तोंडचं आहे, हे तुम्हालाच विचारावं लागेल.